दह्यात दीर्घायुष्य शोधणारा शास्त्रज्ञ

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये दह्याच्या उत्पादकांना एक मर्यादित मुभा दिली. आठवड्यातून किमान दोन कप दही खाल्ल्यास टाइप-२ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असे विधान त्यांना वेष्टनावर करता येईल. मात्र त्यामागील पुरावा मर्यादित आहे, हेही तेथेच सांगावे लागेल, अशी त्यामागची अट होती. दह्याकडे प्रयोगशाळेच्या नजरेतून पाहण्याची ही परंपरा नवी नाही. ती सुमारे एकशे वीस वर्षांची असून तिच्या मुळाशी इल्या मेचनिकॉव्ह हे नाव आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती कशी काम करते, याचे एक मूलभूत उत्तर शोधल्याबद्दल १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच माणसाने आयुष्याची अखेरची वर्षे विरजणातील जिवाणूंच्या अभ्यासाला वाहिली. त्यांच्या पहिल्या कार्यावर काळाने शिक्कामोर्तब केले. दुसरे मात्र पुराव्याअभावी अधांतरी राहिले. आजच्या मधुमेह संशोधनात या दोन्ही धाग्यांची गाठ पडताना दिसते आणि म्हणूनच या विलक्षण शास्त्रज्ञाचे चरित्र पुन्हा वाचण्याजोगे ठरते.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये खारकीव शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. आज तो युक्रेनमध्ये आहे. वडील सम्राटाच्या रक्षकदलात अधिकारी होते, तर आई ज्यू वंशाच्या एका लेखकाची कन्या. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटे. थोरल्या भावाला शिकवण्यासाठी घरी येणाऱ्या शिक्षकामुळे त्यांना निसर्गाची गोडी लागली आणि लहान वयातच ते वनस्पती व कीटकांविषयी इतर मुलांसमोर व्याख्याने देऊ लागले. ऐकणारे कंटाळू नयेत म्हणून ते त्यांना पदरचे पैसे देत असत. खारकीव विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला. पुढे जर्मनीत आणि इटलीतील नेपल्स येथे सागरी जीवांच्या गर्भविकासाचा अभ्यास करून ते १८६७ मध्ये मायदेशी परतले. त्यानंतर तीनच वर्षांत, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

बुद्धीची ही झेप खासगी आयुष्यातील दुःखाला मात्र अडवू शकली नाही. १८६९ मध्ये त्यांचा विवाह ल्युडमिला या तरुणीशी झाला. तिला क्षयरोग होता आणि तो इतका बळावला होता की, विवाहाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. तिला वाचवण्यासाठी मेचनिकॉव्ह यांनी शक्य ते सारे केले. मात्र १८७३ मध्ये मदेरा बेटावर तिचे निधन झाले. या आघाताने खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते बचावले. दोन वर्षांनी ओल्गा हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. तिने पुढे त्यांच्या संशोधनात साथ दिली आणि त्यांचे चरित्रही लिहिले. १८८१ मध्ये त्यांचे बंधू इव्हान यांचा मृत्यू त्यांनी जवळून पाहिला. हे इव्हान तुला येथे न्यायखात्यात होते आणि टॉलस्टॉय यांना त्यांच्या प्रसिद्ध मृत्युकथेची कल्पना त्यांच्यावरूनच सुचली. त्याच वर्षी मेचनिकॉव्ह यांनी पुनरावर्ती तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि ते मरणाच्या दारातून परत आले. मृत्यू हा विषय त्यांच्यासाठी केवळ तात्त्विक नव्हता. तो घरात येऊन गेलेला होता.

सम्राट दुसरा अलेक्झांडर याच्या १८८१ मधील हत्येनंतर रशियातील विद्यापीठांचे वातावरण गढूळ झाले. त्याला कंटाळून मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये राजीनामा दिला आणि कुटुंबासह सिसिलीतील मेसिना गाठले. त्या वर्षाच्या अखेरीस एके दिवशी घरातील मंडळी सर्कस पाहण्यास गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समोर तारामाशाची पारदर्शक डिंभके होती आणि त्यांच्या शरीरात हिंडणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. या पेशी परक्या वस्तूंपासून शरीराचे रक्षण करत असाव्यात, असा विचार त्यांच्या मनात चमकून गेला. त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणून डिंभकांच्या कातडीखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातला होता. जंतूंना गिळून फस्त करणाऱ्या पेशींचा सिद्धांत येथे जन्माला आला. या भक्षकपेशींतील आकाराने मोठ्या असलेल्या पेशींना त्यांनी मॅक्रोफेज म्हणजेच महाभक्षकपेशी हे नाव दिले.

जर्मनीतील शास्त्रज्ञांचा या सिद्धांताला कडाडून विरोध होता. रोगांचा प्रतिकार रक्तातील द्रव घटक करतात, पेशी नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. हा वाद पाव शतक चालला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि जर्मनीचे पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हे पुढील संशोधनाने दाखवून दिले.

दरम्यान १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी मेचनिकॉव्ह यांना पॅरिसमधील आपल्या नव्या संस्थेत स्थान दिले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. मुंबईशी त्यांचा धागा जुळतो तो याच संस्थेतून. ओडेसातील त्यांचा विद्यार्थी वाल्देमार हाफकिन १८८९ मध्ये पाश्चर संस्थेत आला. प्रारंभी तर त्याला ग्रंथालयातील कामावर समाधान मानावे लागले. हेच हाफकिन पुढे पटकीची लस घेऊन भारतात आले आणि मुंबईतील प्लेगच्या साथीत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांचेच नाव मिरवते. प्रयोग आधी स्वतःवर करण्याचे हे धाडस गुरूकडेही होतेच.

पटकीच्या जंतूंबाबत मेचनिकॉव्ह यांनीही असाच प्रयोग केला. १८९२ मध्ये त्यांनी या जंतूंचे संवर्धन स्वतः प्राशन केले आणि त्यांना काहीही झाले नाही. इतर काहींनीही ते घेतले. त्यांतील एक जण मात्र गंभीर आजारी पडला. एकच जंतू एकाला बाधतो आणि दुसऱ्याला का बाधत नाही, हा प्रश्न त्यांना छळू लागला. आतड्यात आधीपासून वस्तीला असलेले सूक्ष्मजीव बाहेरून आलेल्या जंतूंना साथ देतात किंवा अटकाव करतात, असे अनुमान त्यांनी काढले. आतड्यातील सूक्ष्मजीवसृष्टीचा आरोग्याशी संबंध जोडणारा हा विचार त्या काळाच्या फार पुढचा होता.

येथून त्यांचे लक्ष वार्धक्याकडे वळले. वार्धक्याच्या अभ्यासशास्त्राला जेरन्टॉलॉजी हे नाव त्यांनीच १९०३ मध्ये दिले. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, तेथील जिवाणू विषारी द्रव्ये तयार करतात, ही द्रव्ये रक्तात मिसळून शरीराला हळूहळू जर्जर करतात, अशी त्यांची मांडणी होती. दुधाचे दही झाले की ते लवकर नासत नाही, कारण विरजणातील जिवाणू दुग्धशर्करेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात कुजवणाऱ्या जिवाणूंचा टिकाव लागत नाही. जे भांड्यात घडते ते आतड्यातही घडवता येईल, असा त्यांचा तर्क होता. बल्गेरियात शंभरी गाठलेल्यांची संख्या लक्षणीय असल्याचे वृत्तांत त्यांच्या वाचनात आले आणि तेथील लोक आंबवलेले दूध मोठ्या प्रमाणात घेतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरने १९०५ मध्ये जिनिव्हा येथे त्या दह्यातील जिवाणूचा शोध लावल्याने या तर्काला प्रयोगशाळेतील आधार मिळाल्यासारखे झाले.

जून १९०४ मध्ये पॅरिस येथे वार्धक्यावर दिलेल्या व्याख्यानात मेचनिकॉव्ह यांनी हा विचार जाहीरपणे मांडला आणि युरोप-अमेरिकेत दह्याची लाट उसळली. वृत्तपत्रांनी त्यांना म्हातारपणावर उतारा शोधणारा ऋषी ठरवले. औषधांच्या दुकानांत विरजणाच्या गोळ्या आणि चूर्णे विकली जाऊ लागली व त्यांच्या नावाचा जाहिरातींत सर्रास वापर झाला. या गदारोळात त्यांनी स्वतः घातलेली मर्यादा मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही. आंबट दूध हे चिरतारुण्याचे अमृत असल्याचा आपला दावा नाही आणि या प्रश्नाचा निकाल भविष्यातच लागेल, असे त्यांनी लगेचच एका पुस्तिकेद्वारे स्पष्ट केले होते. त्यांच्या सिद्धांताचा विपर्यास किती दूर गेला, याचे उदाहरण लंडनमध्ये दिसले. तेथील एका नामांकित शल्यविशारदाने बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. मेचनिकॉव्ह यांचा भर मात्र दही, शिजवलेली फळे आणि उकळलेले पाणी यांवर होता. ते कच्चे अन्न वर्ज्य मानत, मद्याला स्पर्श करत नसत आणि रोज न चुकता आंबट दूध घेत.

त्या काळी मधुमेहावर औषध नव्हते. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, हे स्ट्रासबर्ग येथे १८८९ मध्ये दिसून आले होते. तथापि त्यावरून उपचारापर्यंत पोहोचण्यास आणखी तीन दशके लागली. तोवर रुग्णाच्या हाती पथ्य एवढेच होते. ब्रिटनमधील आर्थर स्कॉट डॉन्किन या डॉक्टरने १८७१ मध्ये मधुमेहींसाठी साय काढलेल्या दुधाचा आहार सुचवणारे पुस्तकही लिहिले होते. दूध आणि मधुमेह यांची सांगड घालण्याचे प्रयत्न असे जुने आहेत. मात्र त्यामागील कार्यकारणभाव समजण्याची साधने तेव्हा नव्हती. अशा असहाय काळात विज्ञानातील अधिकारी व्यक्तीने दाखवलेला आशेचा किरण किती तेजस्वी भासला असेल, याची कल्पना करता येते.

१९०९ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉय यांची भेट घेतली. एकाची श्रद्धा विज्ञानावर, दुसऱ्याची धर्म आणि नीतीवर. दोघांनाही छळणारा प्रश्न मात्र मृत्यूचाच होता. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, संस्थेतील तरुण रणांगणावर गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या. मेचनिकॉव्ह यांना हृदयविकाराने ग्रासले होते. अखेरच्या दिवसांत त्यांना पाश्चर संस्थेतील पाश्चर यांच्याच जुन्या निवासस्थानी हलवण्यात आले. आपल्या शवविच्छेदनाच्या वेळी आतड्यांची नीट तपासणी करावी, अशी सूचना त्यांनी एका डॉक्टर सहकाऱ्याला दिली होती. मृत्यूच्या उंबरठ्यावरही त्यांची जिज्ञासा जागी होती. १५ जुलै १९१६ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. माणसाने शंभरी सहज पार करावी, असे मानणाऱ्या शास्त्रज्ञाला एवढेच आयुष्य लाभले, यावरून तेव्हा टीकाही झाली. त्यांचा अस्थिकलश आजही संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

त्यांच्या पश्चात दह्याच्या सिद्धांताला ओहोटी लागली. बल्गेरियन दह्यातील तो जिवाणू माणसाच्या आतड्यात मूळ धरत नाही, असे अमेरिकेतील प्रयोगांत दिसून आले. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच मधुमेही रुग्णाला देण्यात आले. त्यानंतर वैद्यकाचे लक्ष साहजिकच आहारावरून औषधाकडे वळले. दही मात्र बाजारपेठेत टिकले. आयझॅक कारासो यांनी १९१९ मध्ये बार्सिलोना येथे दह्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा ते दही प्रारंभी औषधांच्या दुकानांतूनच विकले जाई. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांच्या संशोधनातून १९३५ मध्ये याकुल्ट हे आंबवलेल्या दुधाचे पेय बाजारात आले. या दोन्हींच्या मागे मेचनिकॉव्ह यांच्या विचारांची प्रेरणा होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून संशोधक पुन्हा आतड्याकडे वळले आणि त्यांना तेथे मधुमेहाशी संबंधित बरेच काही सापडले. जेवणानंतर आतड्याच्या पेशींतून जीएलपी-१ हे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याचा इशारा देते आणि जठरातील अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करते. दुधातील काही घटक या यंत्रणेला चालना देतात. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असते, तर उरलेली सुमारे २० टक्के प्रथिने निवळीत असतात. चक्का बांधताना फडक्यातून जे पाणी गळते, तीच ही निवळी. इस्रायलमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टाइप-२ मधुमेहाच्या १५ रुग्णांना न्याहारीपूर्वी ५० ग्रॅम निवळी-प्रथिने पाण्यातून देण्यात आली. ती न घेता केलेल्या न्याहारीच्या तुलनेत त्यांच्या रक्तातील साखर पुढील तीन तासांत सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिली. शिवाय, दुधातील प्रथिनांचे विघटन होऊन तयार होणारे काही लहान तुकडे जीएलपी-१ नष्ट करणाऱ्या विकराला अटकाव करतात, असेही प्रयोगशाळेत आढळले आहे. याच विकराला रोखणारी औषधे मधुमेहींना २००६ पासून दिली जात आहेत.

दह्याविषयीचा पुरावा वेगळ्या स्वरूपाचा आहे. अमेरिकेतील सुमारे एक लाख ९४ हजार आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन पाहण्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण दुग्धजन्य पदार्थांचा मधुमेहाच्या धोक्याशी विशेष संबंध आढळला नाही. दह्याच्या बाबतीत मात्र इतर पाहण्यांच्या आकडेवारीसह केलेल्या विश्लेषणात रोज एक वाटी दही खाणाऱ्यांमध्ये हा धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला. परंतु हे निरीक्षण आहे, कार्यकारणभावाची सिद्धता नव्हे. दही खाणारे लोक एरवीही व्यायाम आणि आहार यांबाबत अधिक दक्ष असू शकतात. बल्गेरियातील शतायुषींकडे पाहून मेचनिकॉव्ह यांनी जो निष्कर्ष काढला, त्यातील अडचण हीच होती. शंभर वर्षांनंतरही ती पुरती दूर झालेली नाही. अमेरिकी प्रशासनाने पुरावा मर्यादित असल्याची अट घातली ती यासाठीच. जादा साखर घातलेल्या दह्याबाबतही उत्पादकांनी सावधगिरी बाळगावी, असे त्या वेळी सुचवण्यात आले.

मेचनिकॉव्ह यांचा पहिला शोधही या कहाणीत अनपेक्षितपणे परतला आहे. लठ्ठ व्यक्तींच्या चरबीत महाभक्षकपेशींची मोठी गर्दी होते आणि त्यांच्यामुळे पेटणारा सौम्य पण चिवट दाह इन्शुलिनचा प्रभाव कमी करतो, असे २००३ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी दाखवून दिले. काट्याभोवती जमलेल्या रक्षक पेशींचे हे दुसरे रूप म्हणता येईल. आतड्यातील सूक्ष्मजीव आणि भक्षकपेशी हे त्यांच्या आयुष्यातील दोन स्वतंत्र अध्याय मधुमेहाच्या आकलनात असे एकत्र आले आहेत.

भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आला. मराठी घरात दही आणि ताक ही रोजचीच बाब. त्यामुळे मेचनिकॉव्ह यांच्या चरित्राचा धडा येथेही लागू पडतो. बिनसाखरेचे दही किंवा ताक मधुमेहीच्या ताटात खुशाल असावे. पण भरपूर साखर घातलेल्या श्रीखंडाला तो न्याय लावता येत नाही आणि दही हे गोळीला किंवा इन्शुलिनला पर्याय ठरत नाही. निवळी-प्रथिनांची चूर्णेही, विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

मेचनिकॉव्ह यांची चूक शोधायची तर ती दिशेची नव्हती. आतड्यातील सूक्ष्मजीव आरोग्य घडवतात आणि बिघडवतात, हे त्यांनी योग्य हेरले होते. शतायुषींच्या वृत्तांतावरून उपचारापर्यंत जाण्याची घाई मात्र झाली आणि बाजाराने ती हजारपटीने वाढवली. तारामाशाच्या बाबतीत त्यांनी आधी काटा खुपसला, रात्रभर वाट पाहिली आणि मग निष्कर्ष काढला. दह्याच्या बाबतीत ही वाट पाहण्याचे काम त्यांनी पुढच्या पिढ्यांवर सोपवले. ते अद्याप सुरू आहे.